विश्वास ठेवणारा माणूस थकला तर तो अविश्वास ठरतो का?

प्रवराकाठ

सर्वांना जय ख्रिस्त.

गेल्या पावसाळ्यात माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली आहेत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो आणि सासूबाईंचे वय झाले आहे, त्यामुळे भरवणे, अंग पुसणे, औषधे देणे, दर दोन तासांनी कूस बदलणे हे बहुतेक सगळे माझ्याच हातून होते. आमचे घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. रविवारची उपासना, महिला मंडळाची सभा आणि घरातली संध्याकाळची प्रार्थना यांत माझे सगळे आयुष्य गेले, आणि आजवर देवावरील विश्वासाबद्दल कधी प्रश्न पडावा असे काही घडलेही नव्हते.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मंडळीने नववर्षाला दिलेले कॅलेंडर आहे. त्यावर ठळक अक्षरांत "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हे वचन छापलेले आहे. रात्री चादर ओली झालेली असते, तेव्हा यजमानांना एका हाताने कुशीवर धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने ती चादर अंगाखालून ओढून काढायची, असे करावे लागते. त्या वेळी माझ्या मनात प्रार्थना नसते. खरे सांगायचे तर राग असतो, आणि हे संपावे असे वाटते. सकाळी चहा ठेवताना ते वचन पुन्हा डोळ्यांसमोर येते आणि ते आपल्यासाठी लिहिलेले नाही, अशी समजूत मनात घर करू लागते.

मागे आमच्या घरी प्रार्थनासभा झाली, तेव्हा वडीलधाऱ्यांपैकी एका बंधूंनी सर्वांसमोर सांगितले की ज्या घरात अविश्वास असतो तेथे आरोग्यदान, म्हणजे देवाकडून मिळणारे बरे होणे, अडते. त्यांच्या मनात वाईट नसेलही, परंतु त्या दिवसापासून मी गुडघे टेकले तरी शब्द फुटत नाहीत. "देवावर भरवसा ठेवा, तो सामर्थ्य देईल, सांत्वन करील" असे येणारे-जाणारे सगळेच म्हणतात. भरवसा ठेवायचा म्हणजे मी नेमके काय करायचे? मी थकले आहे, याचा अर्थ माझा विश्वास उणा पडला असा होतो का? आणि प्रार्थना सुचतच नाही, तेव्हा ख्रिस्ती माणसाने काय करावे? कृपया मोकळेपणाने लिहावे.

संडेस्कूल शिक्षक, सोलापूर

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्या भिंतीवरचे वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले तेरावे वचन आहे, आणि कॅलेंडरवर ते एकटेच छापले जाते यामुळे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ लोकांवर नकळत ओझे पडते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. प्रेषित पौल हे पत्र कैदेत असताना लिहीत आहे. त्याच्या आधीच्या दोन वचनांत तो सांगतो की पोट भरलेले असो वा उपाशी, संपन्नता असो वा टंचाई, अशा प्रत्येक अवस्थेत राहणे मी शिकलो आहे. "सर्वकाही" म्हणजे त्याच्या दृष्टीने हे सगळे: भूक, टंचाई, बेडी. आपण ठरवलेली प्रत्येक गोष्ट न थकता तडीस नेण्याची हमी त्यात दिलेली नाही. शिवाय तो म्हणतो की हे आपण "शिकलो". दमिष्काच्या वाटेवर प्रभू भेटून तो विश्वासात आला त्याच दिवशी त्याला ते जमले असे पत्रात कोठेही नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते चौदावे वचन, आणि ते मात्र कोणी छापत नाही. ख्रिस्ताकडून मला सामर्थ्य मिळते असे म्हटल्यावर लगेच पुढच्याच वाक्यात पौल फिलिप्पैच्या मंडळीला सांगतो की माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केले. त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी मदत पाठवली होती. देवाने दिलेले सामर्थ्य आणि मंडळीने पाठवलेली मदत या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींच्या आड येत नाहीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर तो अधिकच स्पष्ट बोलतो. मासेदोनियात आल्यावर आमच्या देहाला स्वास्थ्य नव्हते, बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती, असे लिहून तो म्हणतो की दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने आमचा सहकारी तीत याच्या येण्याने आमचे सांत्वन केले. प्रेषिताला, आणि तोही पौलासारखा, देवाचे सांत्वन पोहोचले ते एक माणूस प्रवास करून त्याच्या दाराशी आला तेव्हा.

आता त्या बंधूंच्या विधानाविषयी. हाच एपफ्रदीत पुढे मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी पडला होता, आणि तो बरा झाला तेव्हा पौलाने त्याचे श्रेय कोणाच्या विश्वासाच्या मापाला न देता, देवाने त्याच्यावर दया केली, आणि मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून माझ्यावरही, इतकेच लिहिले. आपला सहकारी त्रफिम याला तो मिलेत येथे आजारी अवस्थेतच सोडून पुढे गेला. तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. या तिघांपैकी कोणाच्याही घरी अविश्वास होता असे पौलाने म्हटलेले नाही. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवले, आणि उत्तर आले ते असे: "माझी कृपा तुला पुरे आहे; कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." तो काटा नेमका कोणता, यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे, परंतु तो निघाल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर "नाही" असे आहे, आणि त्यात मला कसलीही शंका नाही. रात्री राग येत असतानाही तुम्ही ती चादर बदलता. तुम्ही देवाकडून काय मिळवू शकला नाहीत याचा हिशेब मांडत आहात, पण त्या वेळी उठण्याची ताकद कोठून आली हे त्या हिशेबात धरलेले दिसत नाही.

वसईकर

ताई, मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडच्या चालीरीतींवरून लिहितो. चालीरीती वेगळ्या असल्या तरी प्रश्न एकच आहे.

प्रार्थना सुचत नाही तेव्हा ती सुचलीच पाहिजे असे आमच्याकडे कोणी मानत नाही. माझी आई शेवटच्या आजारात बोटांवर रोझरीचे, म्हणजे आमच्या जपमाळेचे, मणी सरकवत असे. ओठ हलत नसत आणि पुष्कळदा मध्येच झोप लागे. आपले शब्द संपतात तेव्हा आपल्याआधी जे रडले त्यांचे शब्द घ्यावेत, ही रीत ख्रिस्तसभेने फार पूर्वीपासून जपली आहे. प्रभूने स्वतः तेच केले. वधस्तंभावरचे सात उद्गार तुमच्या मंडळीतही उत्तम शुक्रवारी वाचले जात असतील. त्यांतला चौथा, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा बाविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण आहे. देवाच्या पुत्राने सर्वांत कठीण घडीला नवी प्रार्थना रचली नाही. लहानपणापासून कानावर पडलेल्या स्तोत्राचे शब्द त्याच्या तोंडी आले, आणि तेही तक्रारीचे.

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतला मोठा भाग विलापाचा आहे, हे आपण स्तुतीच्या सभांमध्ये विसरून जातो. तेरावे स्तोत्र काढून पाहा, त्यात "कोठवर?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ते जेमतेम सहा वचनांचे आहे, त्यामुळे रात्रीच्या त्या वेळेतही वाचता येईल. अठ्ठ्याऐंशीवे त्याहून कठोर आहे, कारण बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात आणि हे मात्र अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात "माझ्या उद्धाराच्या देवा" अशीच आहे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याकडे कोणी इतक्या रात्री गाऱ्हाणे घेऊन जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, असे लिहिले आहे. त्याच वचनाच्या आधारे आमच्याकडे आजाऱ्याच्या अभ्यंगाचा संस्कार होतो. पूर्वी लोक तो अगदी अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवत, परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) तो केवळ मरणोन्मुखांसाठी नाही, हे स्पष्ट केले. सांगायचा मुद्दा असा की त्या वचनात विश्वासाने प्रार्थना करण्याचे काम आलेल्या वडिलांवर सोपवलेले आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून थकलेल्या पत्नीच्या विश्वासाची परीक्षा घ्यावी असे याकोबाने कोठेही सांगितलेले नाही. ज्यांनी तुम्हाला ते शब्द ऐकवले त्यांनी तो अध्याय पुन्हा शांतपणे वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

साक्षीदार, नागपूर

वरील बंधूंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, तरी एक काळजी नोंदवतो. देव आजही बरे करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि आमच्या सहभागितेत तशा साक्षी मी ऐकल्या आहेत. विलापाला जागा देताना आरोग्यासाठी मागणेच सोडून देऊ नये. तुम्ही मागत राहा, आणि तुम्हाला जमत नसेल तर तुमच्या नावाने आम्ही मागू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशूने त्याला माघारी पाठवले नाही आणि मुलाला बरे केले. म्हणजे अर्धामुर्धा विश्वास घेऊन आलेल्या बापाचेही त्याने ऐकले. यावरून त्या सभेत जे बोलले गेले ते आरोग्यदानावर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्यालाही मान्य होण्यासारखे नाही.

परिचारिका

ताई, मी मिशनच्या एका दवाखान्यात बराच काळ काम केले आहे आणि अर्धांगवायूचे रुग्ण व त्यांच्या घरची माणसे जवळून पाहिली आहेत. वचनांबद्दल वर पुष्कळ चांगले लिहिले गेले आहे, म्हणून मी एकाच प्रसंगाबद्दल लिहिते.

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरताना ज्याने पाहिले होते तोच हा संदेष्टा. देवाने त्याला उपदेश केला नाही आणि "तुझा विश्वास कोठे गेला" असेही विचारले नाही. एलीया झोपी गेला. देवदूताने त्याला उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो खाऊन-पिऊन पुन्हा झोपला, तरी त्यालाही कोणी हरकत घेतली नाही. देवदूत दुसऱ्यांदा आला तो पुन्हा खाण्याचाच आग्रह करायला, आणि कारण सांगितले ते इतकेच की पुढचा प्रवास तुला झेपण्यासारखा नाही. होरेब डोंगर, ती मंद वाणी आणि पुढचे काम हे सगळे त्यानंतर आले. ज्या बाईला महिनोन्‌महिने सलग झोप मिळालेली नाही तिला देवाकडून मिळणारे पहिले सामर्थ्य हे झोपेच्या रूपानेच येऊ शकते, हे मी माझ्या कामात इतक्या वेळा पाहिले आहे की तसे ठामपणे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

म्हणून पाळकांना भेटून स्पष्ट शब्दांत सांगा की मला आठवड्यातून निदान दोन रात्री कोणीतरी सोबतीला हवे आहे. प्रार्थनेसाठी घरी येणाऱ्यांना कूस कशी बदलायची हे तुम्ही एकदा दाखवले की त्यांनाही ते जमते. अंगाखाली आडवी घडी घातलेली चादर ठेवून दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरली, तर तुमच्या पाठीवर ताण येत नाही आणि त्यांच्या कातडीलाही ओढ बसत नाही. हवेची गादी काही ठिकाणी भाड्याने मिळते, चौकशी करा. महिला मंडळाला संकोच न करता सांगा, कारण "एकमेकांची ओझी वाहा" हे गलतीकरांस पत्रातले वचन आपण सभेत नुसते म्हणतो, ते पाळण्याची संधी त्यांनाही मिळाली पाहिजे.

आणि "हे संपावे असे वाटते" हे तुमचे वाक्य मी पुन्हा वाचले. ते स्वतःच्या जिवाबद्दल असेल, किंवा झोप, भूक, रडू यांवरचा ताबा सुटत चालला असेल, तर कृपया लांबणीवर न टाकता डॉक्टरांना तसेच सांगा. दीर्घ सेवा करणाऱ्यांना नैराश्याचा आजार होतो आणि त्यावर उपचार आहेत. यजमानांची रक्तदाबाची गोळी देताना तुम्हाला विश्वास कमी पडल्यासारखे वाटत नाही, मग स्वतःच्या औषधाच्या वेळी तरी तसे का वाटावे?

दौंड तालुका

पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, म्हणजे निराधार स्त्रियांचा आश्रम, ज्या केडगावात आहे ते आमच्या शेजारी आहे, त्यामुळे हा विषय निघाला की मला त्यांची आठवण होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, आणि पदरात लहानगी मुलगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे आल्यावर दुःख संपले असे त्यांच्या आयुष्यात झाले नाही, कारण जिच्या हाती मुक्ती मिशनचे काम सोपवायचे तीच मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. त्यानंतर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याचे त्यांचे काम अखेरपर्यंत चालू होते.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल देवाला सर्व सांत्वनाचा देव म्हणतो आणि पुढे लिहितो की आम्हाला मिळालेल्या सांत्वनाने इतर संकटग्रस्तांचे सांत्वन करता यावे म्हणून तो आमचे सांत्वन करतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, त्या वेळी उपासमार म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. ताई, तुम्ही आज कोणाचे सांत्वन करायला जावे असे मी मुळीच सुचवत नाही. तुमच्या वाट्याला सध्या घेण्याचा काळ आला आहे आणि तो घेण्यात कमीपणा नाही. ज्या वयात रमाबाई स्वतः आईवडिलांविना वणवण करत होत्या, त्या वयात त्यांच्याकडूनही कोणी याहून अधिक अपेक्षा केली नसती.

प्रवराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. परिचारिकाताईंना आधी सांगते की ते वाक्य माझ्या जिवाबद्दल नव्हते, परंतु झोप आणि भूक यांविषयी त्यांनी लिहिलेले खरे आहे आणि मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पाळकसाहेबांशीही बोलले. आमच्या मंडळीतील दोन बहिणी मंगळवारी व शुक्रवारी रात्री येण्यास तयार झाल्या, आणि त्यांतल्या एकीने सांगितले की आम्ही विचारायला कचरत होतो, तुम्हाला आवडेल की नाही हे कळत नव्हते.

तेरावे स्तोत्र रोज वाचते. शेवटची दोन वचने, जिथे तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवला आहे असे म्हणतो, ती अजून माझ्या तोंडून मनापासून निघत नाहीत. पहिली चार मात्र निघतात. सोलापूरच्या सरांनी लिहिले ते वाचून कॅलेंडरवर त्या वचनाखाली मी पेनाने चौदावे वचन लिहून ठेवले आहे.

एक प्रश्न राहिला. यजमानांना समजते सगळे, पण बोलता येत नाही, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी मी बोलू लागले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे निराळे आणि त्यांच्याबरोबर करणे निराळे. त्यांना त्यात सामील कसे करून घ्यावे?

परिचारिका

ताई, डॉक्टरांची वेळ घेतलीत हे वाचून फार बरे वाटले.

अर्धांगवायूने वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना स्वतःचे वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेले, ठेक्यात म्हटलेले शब्द, म्हणजे अंक, वारांची नावे, गाणी, प्रार्थना, कधी कधी त्यांच्या तोंडून निघतात. सर्वांच्याच बाबतीत हे घडते असे नाही, म्हणून त्यांच्याकडून अपेक्षा न ठेवता करून पाहा. मोठी प्रार्थना बाजूला ठेवा आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना त्यांच्या चेहऱ्यासमोर बसून अगदी सावकाश म्हणा. "आमची रोजची भाकर" या शब्दांपाशी थोडे थांबा आणि त्यांचे ओठ हलतात का ते पाहा. त्यांच्या आवडीचे भजन उपासनेत ज्या चालीवर म्हणतात त्याच चालीवर गा, आणि डाव्या हाताने त्यांना ताल धरू द्या. शब्द आलेच नाहीत तर "आमेन" च्या वेळी त्यांनी तुमचा हात दाबावा असे ठरवून घ्या, म्हणजे ती प्रार्थना दोघांचीही होईल. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असे म्हटले आहे, तेव्हा वाक्य पुरे होण्याची अट देवाने घातलेली नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला अजून दाखवले नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाताना तेही उरकून घ्या, आणि कोणती भजने व प्रार्थना त्यांना पाठ आहेत याची यादी बरोबर न्या. सरावासाठी तिचा उपयोग होईल.